उद्धट इंग्रजीची वही: तिसरा महिना, ४१ नोंदी

तर मंडळी, वहीला तीन महिने झाले. नियम तोच, फक्त उलटून बोलायचं इंग्रजी घ्यायचं, म्हणजे समोरच्याला "जा रे, तुला कोण विचारतो" सुनावणारं, नुसत्या शिव्या नाही, त्या काय कुणीही पाठ करतो. ४१ नोंदी झाल्या होत्या, त्यातल्या ११ परवा खोडल्या, कारण त्या मी डिक्शनरीतून उचलल्या होत्या आणि कोण कुणाला असं बोलतं हेच लिहिलं नव्हतं, आणि खरं तर तेवढंच लिहायचं होतं.

हे कळलं फजिती होऊन. आमच्या कॉलवर मँचेस्टरचा एक जण असतो. त्याला सांगितलं की चार दिवसांचं काम मी आज जेवणाआधीच उरकलं, तर तो म्हणाला "पिस ऑफ!" (शब्दशः चालता हो). माझं तोंड एवढंसं झालं, पुढची दहा मिनिटं मी नुसतं ओके ओके. शेवटी त्यानेच चॅटवर विचारलं बाबा रे तुला झालं काय, तेव्हा उलगडा झाला. ते आपलं "चल, काहीही!" होतं. चल म्हणतो पण कुणी कुठे जात नाही ना, तसंच. (आणि ह्याच शब्दाचं "पिस्ड" ब्रिटनमध्ये दारू चढलेला आणि अमेरिकेत भडकलेला, हे वेगळ्या पानावर लिहिलंय, लाल पेनाने.)

त्यानंतर ऑफ-वाले सगळे एका पानावर घेतले. सॉड ऑफ, बगर ऑफ, पिस ऑफ आणि सगळ्यात वरचा फ-वाला. अर्थाचं काम "ऑफ" करतं, चालता हो, त्याच्या आधीचा शब्द फक्त तिखट किती ते ठरवतो. सॉड आणि बगर ब्रिटिश कानाला आता तसे सौम्य झालेत, पण दोन्हींच्या मुळाशी समलिंगी संबंधांवरून हिणवणं आहे, आणि बगर तर चक्क बल्गेरियन लोकांवरून आलाय, मध्ययुगात चर्च तिथल्या पाखंड्यांना नावं ठेवायचं त्यातून. आज बोलणाऱ्याच्या हे गावीही नसतं. आपण तरी "च्यायला" म्हणताना कुठे फोड करतो.

सगळ्यात आवडती नोंद "माय आर्स", शब्दशः माझं ढुंगण. समोरच्याचाच शब्द उचलायचा आणि मागे हे चिकटवायचं: "सॉरी, माय आर्स!" मी ह्याचं भाषांतर शोधत आठवडा घालवला आणि उत्तर घरातच होतं. "सॉरी? घंटा!" रचनासुद्धा तीच. "अप युवर्स" मात्र अजून जमत नाही, त्यात काय वर आणि तुझ्या कशात ते गाळलेलंच असतं, मी समोर "काय उपटायचं ते उपट" लिहिलंय पण त्यात आव्हान जास्त होतं आणि तुच्छता कमी.

ह्या महिन्यात थोडा इतिहासही वाचला. २२ डिसेंबर १९४४, बेल्जियममधलं बास्तोन्य, अमेरिकन सैन्याला वेढा पडलेला, जर्मन पांढरं निशाण घेऊन आले, दोन तासांत शरण या. अमेरिकन जनरल मॅकॉलिफने टाईप करून पाठवलं एकच शब्द: "नट्स!" आता जर्मन अधिकाऱ्याला इंग्रजी येत होतं तरी कळेना की हे हो आहे का नाही. मग उत्तर घेऊन गेलेल्या कर्नल हार्परने सांगितलं, सरळ भाषेत म्हणजे मसणात जा. शिकणाऱ्याची अडचण जशीच्या तशी! शब्द माहीत, अर्थ गायब.

दुसरा किस्सा त्याहून भारी. १९६८ मध्ये उत्तर कोरियाने प्वेब्लो नावाचं अमेरिकन हेरगिरीचं जहाज पकडलं. प्रचारासाठी खलाशांचे फोटो काढायचे, तर हे लोक फोटोत मधलं बोट दाखवायचे, कुणी विचारलं तर म्हणे हवाईमधली शुभ खूण आहे. कॅप्टन बुकरने तर कबुलीजबाबात "पीअन" शब्द घातला, डिक्शनरीत अर्थ स्तुतिगीत, पण मोठ्याने वाचला की ऐकू येतं "आम्ही तुमच्या महान नेत्यावर मुततो". बोटाचं बिंग मात्र फुटलं, एका अमेरिकन साप्ताहिकाने फोटोखाली खरा अर्थ छापला आणि मग त्या पोरांना बेदम मार पडला. डिसेंबरात ८२ जण सुटले. मला हसू आलं आणि मग नाही आलं.

पुढचं पान हातवाऱ्यांचं. ब्रिटनमध्ये दोन बोटं, तळवा स्वतःकडे, म्हणजे सरळ शिवी. ही खूण अझँकूरच्या जुन्या लढाईत इंग्रज तिरंदाजांनी फ्रेंचांना डिवचायला केली अशी गोष्ट सगळे सांगतात पण तिला पुरावा नाही, म्हणून वहीत घेतली नाही. ऑस्ट्रेलियातही ती शिवीच, आणि १९९२ मध्ये तेव्हाचे अमेरिकन अध्यक्ष थोरले बुश तिथे कॅनबेरात गाडीतून आंदोलक शेतकऱ्यांना विजयाची खूण म्हणून हेच दाखवत गेले, तळवा उलटा. हे वाचलं त्याच संध्याकाळी नाक्यावर गेलो, गर्दी होती, लांबूनच दोन वडापावची खूण केली आणि बघितलं तर तळवा माझ्याकडे. तो बिचारा म्हणाला, "चटणी तिखट टाकू का?"