आठवीचे चौसष्ट, दहावीचे एक्केचाळीस

गेल्या महिन्यात आमच्या दहावीच्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कोणीतरी १९९४ चा निरोप समारंभाच्या दिवशीचा फोटो टाकला. मधल्या खुर्च्यांवर मुख्याध्यापक, सर आणि बाई बसलेल्या, त्यांच्या पायाशी मांडी घालून मुली आणि मागे बाकांवर चढून उभी राहिलेली मुले, असा सगळ्या शाळांमध्ये निघतो तसाच हा फोटो आहे. मी त्यातली मुलामुलींची डोकी मोजली, तर ती एक्केचाळीस भरली. आठवीत आमच्या तुकडीचा पट चौसष्ट होता, हे मला पक्के आठवते, कारण हजेरीत माझा क्रमांक शेवटून दुसरा होता आणि ‘त्रेसष्ट’ पुकारले जाईपर्यंत मला दप्तर आवरायलाही वेळ मिळत असे. म्हणून आठवीत माझ्या बाकावर बसणाऱ्या मुलाला गटात घ्यावे, असे मी सुचवले. त्यावर गट चालवणाऱ्या मित्राने अगदी सरळपणे लिहिले, ‘अरे, तो आपल्या बॅचचा नाही.’ ते वाचल्यापासून शाळेची ती तीन वर्षे डोक्यातून जात नाहीत.

आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागाजवळ होती. शाळेत शिकवणे मराठीत चाले, पण मधल्या सुट्टीत मैदानाच्या एका कोपऱ्यात तेलुगू, दुसऱ्यात कानडी आणि नळापाशी सगळ्यांची सरमिसळ असलेली आमची सोलापुरी ऐकू येई. वर्गातल्या निम्म्याअधिक मुलांच्या घरी माग होते, किंवा घरातले कोणीतरी दुसऱ्याच्या मागावर कामाला जात असे. माझ्या बाकावरचा मुलगा पहाटे काकांच्या कारखान्यात कांड्या भरून मग शाळेत येई. त्याच्या केसांत कापसाचे बारीक तंतू अडकलेले असत आणि पहिल्या तासाला तो डोळे उघडे ठेवून झोपत असे. ही कला मला कधीच साधली नाही. तो पाढे मराठीत म्हणायचा, मात्र हिशोब मनातल्या मनात तेलुगूत करायचा. बीजगणिताच्या तासाला त्याचे ओठ ‘रेंडु, मूडु, नालुगु’ असे हलताना दिसत. त्याच्याकडून मी तेलुगूत विसापर्यंत मोजायला शिकलो आणि आजही नोटा मोजताना कधीकधी तोंडातून तेच आकडे निघतात.

मुलींच्या रांगेत शेवटच्या बाकावर एक मुलगी बसे. तिची आई विड्या वळत असे आणि ही शाळा सुटल्यावर तिला पाने कापून देई. तिच्या वह्यांना तंबाखूचा वास येतो म्हणून एका बाईंनी तिला सगळ्यांसमोर बोलून दाखवले होते आणि आम्हीही त्या वेळी हसलो होतो. पुढे एकदा कार्यानुभवाच्या तासाला घोटीव कागदाच्या एकसारख्या पाकळ्या कापायच्या होत्या. आम्ही पट्टी आणि पेन्सिल घेऊन खुणा करत बसलो. तिने कागदाच्या चार घड्या केल्या आणि कोणतीही खूण न करता कात्री चालवली. तेंदूचे भिजवलेले पान पत्र्याच्या मापावर ठेवून दिवसाला शेकड्यांनी कापणाऱ्या हाताला पट्टी लागतच नव्हती. आमच्या दहा पाकळ्या पूर्ण होईपर्यंत तिच्यापुढे साठ-सत्तर पाकळ्यांचा ढीग झाला होता आणि एकीवर दुसरी ठेवली तर कड कुठेही बाहेर डोकावत नव्हती. कार्यानुभवाला तेव्हा श्रेणी असे, पण निकालाच्या टक्केवारीत ती धरत नसत. त्याचे कोणाला काही वाटत नसे.

आठवीतून नववीत जवळजवळ सगळेच गेलो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा, राष्ट्रभाषेच्या परीक्षा, स्नेहसंमेलन, क्रीडामहोत्सव हे सगळे सगळ्यांच्याच वाट्याला येते, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. खरी गोष्ट घडली ती १ मे १९९३ रोजी. महाराष्ट्र दिनाचे झेंडावंदन झाले की वर्गावर्गांत प्रगतिपुस्तके वाटायची, ही तेव्हा सगळीकडचीच पद्धत होती. त्या दिवशी सकाळी नऊलाच मैदानातली माती पायाला चटके देत होती. आमच्या वर्गात एकेक नाव पुकारले जात होते आणि काही नावांनंतर फक्त एवढेच सांगितले जात होते, ‘पालकांना घेऊन ये.’

नववीत मुले का गाळली जातात, हे मला फार उशिरा कळले. दहावीचा निकाल बोर्डाच्या हातात असतो, नववीचा मात्र शाळेच्याच हातात. दरवाजावर ‘शंभर टक्के निकाल’ असा फलक लावायचा, तर बोर्डात अडखळतील अशी मुले फॉर्म भरण्याआधीच बाजूला काढणे हा सर्वांत सोपा उपाय असतो. पालकांपुढे दोन वाटा ठेवल्या जात : मुलगा पुन्हा नववीत बसेल, नाहीतर दाखला नेत असाल तर त्याला वर चढवून देतो. बाहेरून दहावी द्यायची सोय म्हणून सतरा नंबरचा फॉर्म होताच. शिक्षणहक्क कायद्याचे संरक्षण आठवीपर्यंतच असल्यामुळे हा कायदा आल्यावरही नववीचा उंबरठा होता तिथेच राहिला. सगळा दोष मी शिक्षकांना देत नाही. गणिताचे आमचे सर शनिवारी शाळा सुटल्यावर कच्च्या मुलांना दीड तास विनामोबदला शिकवत असत, हे मी पाहिले आहे. पण ज्याला तीन वाजता कारखान्यावर पोहोचायचे असे, तो त्या तासाला कसा थांबणार, हे त्यांनी विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही.

पाकळ्या कापणाऱ्या मुलीने दाखला घेतला. माझ्या बाकावरचा मुलगा पुन्हा नववीत बसला. जूनमध्ये आमचा वर्ग वरच्या मजल्यावर गेला आणि त्याचा खालीच राहिला. दोन वर्गांमध्ये बावीस पायऱ्या होत्या, पण मधल्या सुट्टीत आम्ही दहावीवाले पुस्तके घेऊन वरच बसू लागलो आणि आमचे बोलणे कमी होत गेले. त्या वर्षी आम्ही एकत्र काही केले ते एकदाच. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुका उरकून शहर झोपले असताना, ३० सप्टेंबरच्या पहाटे चारला काही मिनिटे कमी असताना जमीन हलली. किल्लारीचे नाव दुपारपर्यंत सगळ्यांच्या तोंडी झाले. शाळेने भूकंपग्रस्तांसाठी भाकऱ्या गोळा करायला सांगितल्या, तेव्हा तो त्याच्या काकांची मोठी सायकल घेऊन आला. पुढच्या दांड्यावर मी आणि मागच्या कॅरियरला पोती अशी आम्ही तीन गल्ल्यांतून कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या पुड्या जमवल्या. कडक भाकरी आठ-आठ दिवस टिकते, म्हणून घरोघरच्या बायकांनी मुद्दाम तीच थापली होती. त्या दिवशी कोण नववीत आणि कोण दहावीत, हे मनातही आले नाही.

नंतर पूर्वपरीक्षा आली. ऐन गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत होम मैदानावरचे पाळणे लांबून ऐकत भूमितीची प्रमेये पाठ करणे ही सोलापूरच्या दहावीच्या मुलांची जुनीच शिक्षा आहे. मग फेब्रुवारीत निरोप समारंभ झाला.

दहावीला निरोप द्यायचा तो नववीने, असा रिवाज असतो. पताका नववीने लावायच्या, स्वागतगीत नववीने म्हणायचे, खाऊही नववीनेच वाटायचा. आमच्या वर्गात आदल्या वर्षीच्या तुकडीतून मागे राहिलेले दोघे होते. ते आमच्याबरोबर पाहुण्यांसारखे बसले, फोटोत आले आणि आज गटातही आहेत. त्यांच्या बॅचबद्दल कोणाला कधी प्रश्न पडलेला नाही. आमच्या बॅचमधून मागे राहिलेले सहाजण मात्र यजमान होते. नववीच्या मुलांना बाईंनी बजावले होते की आज दहावीच्या सगळ्यांना ताई आणि दादा म्हणायचे.

मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. कागदी बशांचा ट्रे घेऊन तो आमच्या रांगेत आला, तेव्हा केसांतले तंतू पुसून, नीट भांग पाडून आला होता. बशीत चिवडा, एक बालूशाही आणि केळ्याचा अर्धा तुकडा होता. माझ्यापर्यंत आल्यावर तो थांबला, बाई बघत आहेत का हे त्याने वळून पाहिले आणि मग अगदी गंभीर चेहरा करून म्हणाला, ‘घ्या, दादा.’

आजूबाजूचे हसले, तोही हसला. मी बशी घेतली. फोटोग्राफरने बोलावल्यावर आम्ही एक्केचाळीसजण मैदानात गेलो, तेव्हा तो आणि उरलेले पाचजण वर्गातल्या रिकाम्या बशा गोळा करत होते.