कामिनीबाई

तुरीची पोती ठेवायला माळ्यावर जागा करत होतो तर गोधडीत गुंडाळलेली आबाजींची रेकॉर्ड निघाली. लाखेची, मिनिटाला ७८ फेऱ्यांची, कडेला टवका उडालेला. ओल्या फडक्यानं मधला कागद पुसला, एचएमव्हीचा कुत्रा दिसला, 'महल' पिक्चरचं नाव दिसलं आणि गाणाऱ्याच्या नावाच्या जागी इंग्रजीत कामिनी. तीनदा वाचलं. लता कुठंच नाही.

तेव्हापासून जिवाला चैन नाही.

सातवीत असेन मी. ओसरीत चारपाच जण बसलेले, आबाजींनी फोनोला चाबी भरली आणि नेहमीसारखं म्हणाले, आता कामिनीबाई आयका. मी फिदीफिदी हसलो, "आबाजी, लता मंगेशकर हाये ते, कामिनी कोन?" मग सगळेच हसले. आबाजी काही बोलले नाहीत, पिन बदलत राहिले, चांगली पिन होती ती. त्यानंतर ते नाव त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. 'ते गाणं' म्हणायचे.

रात्री मोबाईलवर शोधलं. १९४९ चा पिक्चर, संगीत खेमचंद प्रकाश, मधुबालाच्या पात्राचं नाव कामिनी, आणि रेकॉर्डवर तेच छापलेलं. 'आएगा आनेवाला' कोण गातंय हे विचारायला लोकांची रेडिओवर पत्रं गेली तेव्हा कुठं लताचं नाव बाहेर आलं. म्हणजे म्हातारा छापलेलं वाचत होता आणि मी त्याला चार माणसांत येडं ठरवलं. आता हे सांगायचं तरी कोणाला? आबाजी नाहीत, त्या ओसरीतलं कोणीच नाही, बाबांशी तर शेवटी शेवटी... जाऊ द्या.

सकाळी मायला सांगितलं. ती तूर पाखडत होती, मान वर न करता म्हणाली, "त्याइले ठाऊक होतं ना बापा. रेडू दिवसभर लता लता करे. ते म्हनत, म्या पैसे कामिनीचे देल्ले, मंग कामिनीच."

हसूच आलं. इतकी वर्षं... म्हणजे रात्रभर मी उगाच तळमळलो. पण मग ठाऊक होतं तर त्या दिवशी तसं म्हणाले का नाहीत? एवढं एक वाक्य फेकलं असतं तर ओसरी माझ्यावर हसली असती. नातू आहे म्हणून सोडलं असेल का, की खरंच लागलं?

गाणं लावलं मोबाईलवर. सुरुवातीला आवाज लांबून येतो, तिला म्हणे खोलीच्या कोपऱ्यातून गात गात माइककडे चालत यायला लावलं होतं. फोनोवर तो लांबचा भाग खरखरीतच जायचा, आबाजी कर्ण्याजवळ कान नेऊन बसायचे.

पोरगी आली, रेकॉर्ड उलटीपालटी करून बघितली, मोबाईल बघितला. "पप्पा, चुकीचं छापलंय यावर."

"हातातून पाडू नको, फुटते ते," एवढंच बोललो. आभाळ आलंय आणि पोती अजून अंगणातच आहेत.