काचेपलीकडचा समुद्र

"खिडकी उघडत नाही, मॅडम. खारा वारा आत आला की सगळं गंजतं."

वेटरनं हे इतक्या सहज सांगितलं, की मी पुढे काही बोललेच नाही.

समुद्रकाठच्या त्या गावात तासभर पायपीट करून ही जागा शोधली होती. फोटोत होती तशीच देखणी. पितळी दिवे, पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, समोर भिंतभर काच. मासाही अगदी ताजा, खोटं कशाला बोलू.

पण समुद्र ऐकू येत नव्हता. लाटा फुटताना दिसत होत्या, आवाज मात्र एसीचा.

मग काचेकडे नीट पाहिलं. बाहेरून पांढरट, धूसर थर. वाऱ्यानं उडालेले तुषार वाळतात आणि मीठ तेवढं मागे उरतं. "रोज सकाळी पुसतो, संध्याकाळी परत तेच," तो म्हणाला.

त्याचं काही चूक नाही. खाऱ्या हवेत लोखंड भराभर गंजतं, पितळही काळवंडतं. सजावट जितकी नाजूक, तितकी दारं घट्ट लावावी लागणार. पण मग एवढ्या लांब आपण येतो कशासाठी?

बाहेर पडले तेव्हा वारा फिरला होता. जमीन पाण्याआधी निवते, म्हणून रात्री तो किनाऱ्यावरून समुद्राकडे वाहतो. कठड्यावर हात टेकले, तळव्यांना बारीक मीठ लागलं. अर्धा तास नुसत्या लाटा ऐकत उभी राहिले.

पुढच्या वेळी टेबल सांगताना आधी खिडकीचं विचारणार आहे. तुम्ही काय विचारता?