जांभ्याखालचं पाणी

आज क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगा मंदिरातल्या गोमुखाखाली ओंजळ धरली. बाहेर ऊन रणरणतंय, पाणी मात्र गारेगार!

वरचा सच्छिद्र जांभा दगड इथला पावसाळा पिऊन घेतो. खाली चिकणमाती, मग लाव्हाचा कातळ. तिथे अडलेलं पाणी आडवं सरकतं आणि डोंगराच्या कुशीतून झरा फुटतो. लोक त्याला कृष्णामाई म्हणतात, मीही म्हणते.

पण मुरणारं पाणी उतारावरची मातीही सुटी करतं. २२ जुलै २०२१ ला इथे चोवीस तासांत ५९४ मिमी पाऊस कोसळला, आणि त्याच दिवशी खाली महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं.

येताना रस्त्यात बोअरची गाडी दिसली. झऱ्याच्या वरच्या अंगाला बोअर मारायला परवानगी लागते का हो? कुणाला माहीत असेल तर सांगा.