एक स्फटिक, दोन रेषा

गेल्या जुलैतील एका मंगळवारी सकाळी माझ्या युरोपियम या दुर्मिळ मृदा धातूच्या संकुलाची (धातूच्या आयनाला इतर रेणू बांधून झालेल्या संयुगाची) स्फटिकरचना सुटली, म्हणजे त्यातील अणूंची मांडणी कळली, आणि त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत त्या रचनेवर आधारलेले शोधनिबंधाचे प्रकरण मला बाजूला ठेवावे लागले. पुण्यातील आमच्या प्रयोगशाळेत मी तेव्हा पॅरा-टोल्युइक आम्ल (याच्यापासून कार्बोक्सिलेट गट मिळतो) आणि फेनँथ्रोलीन हा नायट्रोजनयुक्त सेंद्रिय रेणू यांच्यासह युरोपियमची कार्बोक्सिलेट संकुले तयार करत होते. सूक्ष्मदर्शकाखाली निवडलेला एक पारदर्शक, कडा रेखीव असलेला स्फटिक तेलाच्या थेंबात उचलून १०० केल्विनच्या थंड नायट्रोजनच्या झोतात ठेवला होता आणि रात्रभर क्ष-किरणांनी मोजणी चालली होती. रचना देखणी होती. कार्बोक्सिलेट गटांनी जोडलेले दोन युरोपियम आयन, प्रत्येकाला फेनँथ्रोलीनचे दोन नायट्रोजन, युरोपियम आणि ऑक्सिजन यांच्यातील अंतरे २.३ ते २.५ अँगस्ट्रॉमच्या दरम्यान, आणि दोन आयनांच्या बरोबर मध्यावर सममिती-केंद्र. त्या केंद्रामुळे दोन्ही आयन एकमेकांची तंतोतंत प्रतिरूपे ठरतात, म्हणजेच युरोपियमची जागा एकाच प्रकारची उरते. पाण्याचा रेणू तर कोठेही नव्हता.

दुपारी मी उरलेली भुकटी द्रव नायट्रोजनच्या तापमानाला थंड करून तिची दीप्ती मोजायला बसले. युरोपियम आयन स्वतः अतिनील प्रकाश जवळजवळ शोषत नाही, कारण त्याच्या ४-एफ कक्षांमधील संक्रमणे (इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापातळ्यांमधील उड्या) निषिद्ध आहेत. लिगंड, म्हणजे आयनाला बांधलेला सेंद्रिय रेणू, प्रकाश शोषतो, ती ऊर्जा आयनाकडे सोपवतो, आणि मग ६१५ नॅनोमीटरच्या आसपासचा तो लाल प्रकाश बाहेर पडतो. दिव्याखाली भुकटी सुरेख लाल दिसत होती. मी मात्र लाल पट्ट्याकडे न पाहता ५८० नॅनोमीटरजवळची एक अगदी क्षीण रेषा शोधत होते. हे संक्रमण ज्या दोन ऊर्जापातळ्यांमध्ये घडते, त्या दोन्ही एकेरी, म्हणजे प्रत्येकी एकाच अवस्थेच्या, असल्यामुळे आयनाभोवतीचे वातावरण कितीही वेडेवाकडे असले तरी त्यांचे विभाजन होऊच शकत नाही. म्हणून एका प्रकारच्या जागेसाठी फार तर एकच रेषा मिळते. ही रेषा मला या संपूर्ण विषयातील सर्वांत प्रामाणिक साक्षीदार वाटते.

त्या दिवशी तेथे दोन रेषा होत्या.

आधी वाटले, वर्णपटमापकाच्या फटीची रुंदी चुकली असावी. पुन्हा मोजले, दुसरा नमुना भरून मोजले. दोन्ही रेषा जागच्या जागी होत्या. मग दीप्तीचा क्षयकाल, म्हणजे उत्तेजन थांबल्यावर ती किती वेळात विझते, मोजला, तर आलेख एका घातांकी वक्रात बसेना, म्हणजे दीप्ती एकाच वेगाने विझत नव्हती. एक भाग १.३ मिलिसेकंदांचा होता आणि दुसरा जेमतेम ०.४ मिलिसेकंदाचा. इतका कमी काल पाहिला की पहिला संशय पाण्यावरच जातो, कारण युरोपियमला बांधलेल्या पाण्यातील ऑक्सिजन-हायड्रोजन बंधांची कंपने उत्तेजित आयनाची ऊर्जा तीन-चार टप्प्यांत गिळून टाकतात.

मार्गदर्शक मॅडमनी दोन्ही आलेख शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "अगं, शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण हे शीत तू निवडून घेतलं होतंस." मला तेथेच उलगडा झाला. क्ष-किरणांनी जे सांगितले ते त्या एका स्फटिकापुरते पूर्ण सत्य होते; दीप्ती मात्र सगळ्या भुकटीच्या वतीने बोलत होती.

संध्याकाळी भुकटीचे क्ष-किरण विवर्तन घेतले. सुटलेल्या रचनेवरून काढलेल्या आलेखात नसलेली तीन शिखरे लहान कोनांपाशी उभी होती. कुपी सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावर तळाशी बारीक पांढऱ्या सुया दिसल्या, ज्या मी सकाळी स्फटिक निवडताना कचरा समजून बाजूला सारल्या होत्या.

कारण माझ्या कृतीतच होते. मी कार्बोक्सिलेटचे द्रावण आधी ओतले होते, त्यामुळे फेनँथ्रोलीन पोहोचण्यापूर्वीच युरोपियमचा काही भाग कार्बोक्सिलेट आणि पाणी घेऊन अविद्राव्य रूपात खाली बसला होता. पुढच्या वेळी युरोपियम आणि फेनँथ्रोलीन आधी इथेनॉलमध्ये एकत्र केले आणि कार्बोक्सिलेट थेंबाथेंबाने सोडले. त्या भुकटीने एकच रेषा दिली आणि क्षयाचा वक्रही एकेरी आला.

सुया मी टाकून दिल्या नाहीत. त्याच सुया जड पाण्यातून (ज्यात हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असते आणि कंपनांनी ऊर्जा फारशी गिळली जात नाही) पुन्हा तयार केल्या, तेव्हा क्षयकाल ०.४ वरून २ मिलिसेकंदांवर गेला. होरॉक्स आणि सडनिक यांनी क्षयकालांवरून बांधलेल्या पाण्याचे रेणू काढण्यासाठी १९७९ मध्ये मांडलेल्या सूत्रात हे दोन आकडे घातले की प्रत्येक युरोपियममागे पाण्याचे २.१ रेणू येतात. ऑगस्टअखेरीस त्यांतील एक सुई मोजणीपुरती जाड वाढली आणि तिची रचना सुटली. युरोपियमला पाण्याचे दोन रेणू बांधलेले होते.