शिरोरेषेत गेलेले तीन आठवडे

एका आडव्या रेघेपायी माझे तीन आठवडे गेले, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

हाताने लिहिलेली देवनागरी अक्षरं मला एसडीआरमध्ये (स्पार्स डिस्ट्रिब्युटेड रिप्रेझेंटेशन, म्हणजे मोजकेच बिट चालू असलेली बिटांची लांब ओळ) बदलायची होती. मेंदूत एका वेळी मोजकेच न्यूरॉन जागे असतात, तसे इथे 2048 बिटांपैकी फक्त 40 चालू, जेमतेम दोन टक्के. चित्रं जितकी सारखी, तितके चालू बिट सामाईक. 92,000 अक्षरचित्रांचा तयार संच मिळाला, प्रत्येक चित्र 32×32 पिक्सेलचं. काळं-पांढरं करून स्पेशियल पूलरला, म्हणजे चित्रावरून एसडीआर बनवायला शिकणाऱ्या अल्गोरिदमला, दिलं. इथवर काही अडलं नाही.

मग ट आणि स ताडून पाहिले. डोळे मिटून उचललेल्या दोन एसडीआरमध्ये सरासरी एकही बिट जुळत नाही; 40 गुणिले 40 भागिले 2048 करून बघा. माझे निम्म्याहून जास्त जुळत होते! शिकण्याचा वेग बदलला, थ्रेशोल्ड बदलला, चित्रं वाढवली. ढिम्म फरक नाही. एसडीआरचा एकेक बिट म्हणजे एक कॉलम; तो काही पिक्सेलांना जोडलेला असतो, आणि ज्यांचा चित्राशी मेळ जास्त ते कॉलम जिंकतात, म्हणजे चालू होतात. शेवटी वैतागून, जिंकणारे कॉलम कोणत्या पिक्सेलांना जोडलेत ते छापलं (हे पहिल्याच दिवशी करा). जवळपास सगळे वरच्या पाच-सहा ओळींना चिकटलेले. शिरोरेषा! ती बहुतेक प्रत्येक अक्षरात, म्हणून तिचे कॉलम दर वेळी जिंकायचे, जिंकले की त्यांची जोडणी आणखी पक्की व्हायची, आणि बाकीच्यांची पाळी कधी यायचीच नाही.

मी रेघच कापली. ट-स सुटले, पण घ आणि ध एकमेकांत मिसळले, म आणि भ सुद्धा. रेघ कुठे तुटते यावर तर ती अक्षरं ओळखायची! म्हणजे आठवडाभराचं काम वाया. रेघ कापू नका, कुणी कितीही सांगो.

बूस्टिंग, म्हणजे क्वचित जिंकणाऱ्या कॉलमांना दिलेला जोर, शून्यावर होतं. ते वाढवल्यावर वारंवार जिंकणारे कॉलम मागे सरले, झोपलेले पुढे आले. खरा उतारा मात्र दुसराच: प्रत्येक कॉलमला चित्राचा जवळचाच तुकडा दाखवायचा आणि स्पर्धा आसपासच्या कॉलमांपुरती ठेवायची. मग शिरोरेषेला तिच्या पट्ट्यातले तेवढेच कॉलम मिळतात. हे फार हळू चालतं. लॅपटॉप रात्रभर तापत होता.

हो, तपासताना शिकणं बंद ठेवा. मी विसरलो होतो, त्यामुळे दोन दिवस तेच चित्र दर वेळी वेगळे बिट देत होतं.

सकाळी घ आणि ध वेगळे निघाले, रेघेसकट. मी घरातल्या सगळ्यांना उठवून स्क्रीन दाखवली. घाईत रेघ जोडून लिहिलेला भ अजून म कडे झुकतो. आता त्याच्या मागे लागलोय.