मॅकिंटॉश काउंटीचे इतिहासफलक: नोंदणी कुठवर आली

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यावरच्या या काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) रस्त्याकडेला उभ्या असलेल्या इतिहासफलकांची नोंदणी तीन टप्प्यांत चालू आहे. डॅरियन गाव आणि यूएस १७ या महामार्गाचा पट्टा झाला. राज्यमार्ग ९९ वरचा रिजविल ते मेरिडियन भाग अर्धा झाला आहे. सॅपेलो बेट अजून बाकी.

आधी क्रमांकाबद्दल, कारण सगळ्यांत जास्त चुका तिथेच सापडल्या. जुने फलक ओतीव ॲल्युमिनियमचे आहेत: गडद हिरवी पाटी, उठावाची सोनेरी अक्षरे, माथ्यावर राज्याची मुद्रा. तळाच्या बारीक ओळीत काउंटीचा क्रमांक, फलकाचा क्रमांक, फलक लावणारी संस्था आणि वर्ष असते. राज्यातल्या १५९ काउंट्यांना वर्णानुक्रमे आकडे दिले आहेत आणि मॅकिंटॉशचा आकडा ०९५. जनगणनेच्या तक्त्यांत मात्र हीच काउंटी १९१ असते. दोन्ही आकडे एकाच रकान्यात पडले की यादी जुळत नाही, म्हणून रकाने वेगळे ठेवा. तळओळीचा फोटो जवळून, स्वतंत्र घ्या. अख्ख्या पाटीच्या फोटोत ती हमखास वाचता येत नाही.

अक्षांश-रेखांश खांबाला हात लावून, दोनेक मिनिटे थांबून घ्यायचे, गाडीत बसून नव्हे. मॉस लोंबणाऱ्या ओकच्या झाडांखाली फोनचे स्थान बरेच सरकते. दशांशानंतर पाच अंक पुरतात, म्हणजे साधारण एक मीटरची अचूकता मिळते. पश्चिम रेखांशाचे उणे चिन्ह विसरू नका. डॅरियनचे ८१.४ उणे चिन्हाशिवाय भरले, तर बिंदू थेट तिबेटात, कैलासाच्या परिसरात जाऊन पडतो.

उठावाची अक्षरे वाचायला तिरपा प्रकाश लागतो. फलक बहुतेक रस्त्याला काटकोनात उभे असतात. त्यामुळे उत्तर-दक्षिण रस्त्यावर एक बाजू उत्तरेकडे तोंड करून असते आणि सप्टेंबरअखेर ते मार्चअखेर तिच्यावर थेट ऊन पडतच नाही. तिथे हातातला टॉर्च पाटीच्या कडेला धरून फोटो घ्या. समोरून फ्लॅश मारला तर रंग चमकतो आणि अक्षरे बुजतात. मागे उजळ आकाश असेल तर हिरवी पाटी काळी येते, म्हणून एक्स्पोजर पाटीवर धरा. शिलालेखांचे ठसे घेण्याची सवय असलेल्यांना खास विनंती: इथे ठसा घेऊ नका, सोनेरी रंग निघतो. शेवाळ दिसले तरी ब्लीच किंवा जोराचा फवारा नको. खांबाच्या बुंध्याशी लाल मुंग्यांची वारुळे असतात, पाय ठेवण्याआधी पाहून घ्या.

आता बटलर आयलंड. डॅरियनच्या दक्षिणेला, अल्टामाहा नदीच्या फाट्यांमधले हे भाताचे बेट. वाफेवर चालणाऱ्या भातगिरणीचे विटांचे धुराडे रस्त्यावरूनच दिसते. इथल्या जुन्या फलकावर बांध-कालव्यांचे श्रेय हॉलंडच्या अभियंत्यांना दिले आहे. ते बांध ज्यांनी चिखलात उभे राहून घातले, त्या गुलामांचा उल्लेख नाही. कोकणातला खारबांध खारे पाणी शेताबाहेर ठेवतो. इथे त्याशिवाय आणखी एक काम होते: भरतीच्या रेट्याने चढलेले नदीचे गोडे पाणी दारे उघडून शेतात घ्यायचे आणि ओहोटीला सोडायचे. म्हणून शेते खाऱ्या पाण्याच्या हद्दीच्या वर, पण भरतीच्या टप्प्यात असावी लागत. ती दारे आणि बांध राखणे हे बारमाही कष्टाचे काम होते.

याच फलकामुळे नोंदवहीत दोन रकाने वाढवले. एक फलक ओतल्याच्या वर्षाचा, दुसरा मजकुरात काय नाही याचा. १९५१ साली स्थापन झालेल्या राज्य इतिहास आयोगाचे फलक आणि १९९८ पासून जॉर्जिया हिस्टॉरिकल सोसायटीने लावलेले फलक एकाच तराजूत तोलता येत नाहीत. मजकूर उतरवताना चुकीचे स्पेलिंगही जसेच्या तसे ठेवा, आपली दुरुस्ती शेजारच्या रकान्यात लिहा. बटलर आयलंडच्या नोंदीला सवाना शहरातल्या एका फलकाचा दुवा जोडला आहे. बटलर कुटुंबाच्या मळ्यांवरची ४३६ गुलाम माणसे २ आणि ३ मार्च १८५९ रोजी सवानाजवळ लिलावात काढली गेली. त्याचा फलक २००८ साली तिथे लागला, इथून सुमारे ९५ किलोमीटरवर. फक्त काउंटीपुरते पाहणाऱ्याला या बेटाची अर्धीच गोष्ट मिळते.

राज्यमार्ग ९९ वर ॲशंटिलीची नोंद झाली. सॅपेलोचा मळेवाला थॉमस स्पॉल्डिंग याचे हे मुख्य भूमीवरचे घर टॅबीचे होते. टॅबी म्हणजे कालवांची शिंपले जाळून केलेला चुना, वाळू, पाणी आणि अख्खी शिंपले, हे सारे समभाग कालवून साच्यात ठोकलेली भिंत. फलकाबरोबर भिंतीचाही जवळून फोटो जोडा, मजकुरातला हा शब्द तेव्हाच कळतो.

रिकामा खांब दिसला तर ‘गहाळ’ लिहू नका. पाटी वाहनाच्या धडकेने पडलेली, रस्तारुंदीत हलवलेली किंवा दुरुस्तीला नेलेली असू शकते. ‘खांब आहे, पाटी नाही’ एवढेच तारखेसह नोंदवा.

सॅपेलोची बोट मेरिडियनच्या धक्क्यावरून सुटते आणि जागा आधी राखावी लागते. तिथली नोंद पुढच्या टप्प्यात.